बुडक्या आणि पाठीवरचं शिंग : आमचे गुप्तहेर परदेशी निघालेत, जरा सामान तपासून द्या

वळेसर (रविवार, रात्री १०.१५)

मंडळी, दीड वर्ष एका चित्रपुस्तकात अडकले आहे आणि आता एकटीने पुढे जाववत नाही. सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, ४८ पानं, जलरंग. गोष्टही माझीच. गोव्यातले प्राणी एका प्रकरणाचा छडा लावायला पोर्तुगालला जातात.

मंडळी अशी. बुडक्या हे चोडणचं पाणमांजर, मुख्य गुप्तहेर. त्याचा मदतनीस चतुर, म्हणजे खराच चतुर, चार पंखांचा. आणि सल्लागार मानगे आजोबा, कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर. आजोबा कुठेही जात नाहीत, चिखलात पडून सल्ले देतात. त्या भागात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, त्यामुळे आजोबा जरा चढून गेलेत.

प्रकरण मात्र मी रचलेलं नाही. १५१४ साली गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरने, आफोंसो द आल्बुकेर्कने, गुजरातच्या सुलतानाकडे, दुसऱ्या मुझफ्फरशहाकडे, दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने किल्ला दिला नाही, जिवंत गेंडा दिला. गेंडा गोव्यात आला. आल्बुकेर्कने तो पोर्तुगालच्या राजा मानुएलला पाठवून दिला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज निघालं आणि २० मे रोजी लिस्बनला लागलं. तिथून एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला पोचलं, आणि ते बघून तिथल्या आल्ब्रेश्ट ड्यूरर या चित्रकाराने लाकडी ठशाचं ते प्रसिद्ध चित्र काढलं. गेंडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या गेंड्याला चिलखत आहे, पायांवर खवले आहेत, आणि खांद्यांच्या वर, पाठीवर, एक जादा पिळदार शिंग आहे. दोनशेहून जास्त वर्षं युरोपातली पुस्तकं हाच गेंडा छापत राहिली.

रायबंदर-चोडण फेरीबोटीतून एका पर्यटकाच्या हातून या चित्राचं पोस्टकार्ड पाण्यात पडतं आणि बुडक्याच्या हाती लागतं. प्रश्न एकच : पाठीवर शिंग कुणी ठेवलं?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे प्राणी जाणार कसे? गेंड्याचा शेवट वाईट आहे, तो सांगायचा का? आणि सोबत तीन जोडपानं जोडली आहेत, ती बघून चुका काढा. गोड बोलू नका, गोड बोलणारी माणसं घरात आहेत.

चकली_पुराण (रविवार, रात्री १०.३२)

किल्ला मागितला, गेंडा मिळाला. आमच्या गावात रस्ता मागितला की सिमेंटचं बाक मिळतं. परंपरा जुनी आहे म्हणायची.

चित्रं फार आवडली. मानगे आजोबांचा चेहरा कुणाकुणासारखा दिसतो ते इथे लिहीत नाही.

दोन_पोरांची_आई (सोमवार, सकाळी ७.०५)

वळेसर, डबे भरता भरता वाचलं. मोठ्याला (वय ८) चित्रं दाखवली. त्याचा पहिला प्रश्न : "आई, गेंड्याला बोटीत शी लागली तर?" याचं उत्तर पुस्तकात हवं, नाहीतर तो पुढे वाचणार नाही.

खाजनकार (सोमवार, दुपारी १.४०)

ताई, गोड बोलू नका म्हणालात म्हणून लिहितो. चित्रं सुंदर आहेत, पण बुडक्या चोडणचा नाही.

आमच्या खाजनात (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ, रोज संध्याकाळी पाणमांजरं येतात. लहानपणापासून बघतो आहे. त्यांची शेपूट टोकाकडे चपटी असते, तुमच्या चित्रातली दोरखंडासारखी गोल आहे. आमच्यांचे केस आखूड, अंगाला चिकटलेले. पाण्यातून वर आलं की तेल लावल्यासारखं चकाकतं. तुमचा बुडक्या केसाळ आहे, हिवाळ्यात स्वेटर घातल्यासारखा.

आणि मुख्य म्हणजे तो एकटा कसा? ही सगळं बिऱ्हाड घेऊन फिरतात. पाच, सात, कधी जास्तही. आई, बाप, गेल्या वर्षीची पोरं, या वर्षीची पोरं. एक दिसलं की आम्ही बाकीची कुठे आहेत ते बघतो. सारखी शिट्ट्या मारत एकमेकांना हाका घालतात. जाळी फाडतात म्हणून शिव्याही खातात, ते वेगळं.

गुप्तहेराच्या गोष्टीला उपयोगी पडेल म्हणून सांगतो : बांधावर त्यांच्या ठरलेल्या जागा असतात, तिथेच घाण करतात. काडीने उकरलं तर माशांचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचांचे तुकडे दिसतात. काल रात्री काय जेवले ते कळतं. (दोन पोरांच्या आई, तुमच्या मोठ्याला हे आवडेल.)

दोन_पोरांची_आई (सोमवार, दुपारी २.१०)

आवडलं. फारच आवडलं. देव बरें करूं.

वळेसर (सोमवार, रात्री ९.२०)

खाजनकार, तुमचा प्रतिसाद वाचून उठून दोन फेऱ्या मारल्या घरात.

खरं सांगते. डिचोलीला राहते, चोडणहून शंभरदा गेले असेन, पण पाणमांजर कधी थांबून बघितलं नाही. इंटरनेटवर एक छान फोटो मिळाला तो भिंतीला लावला आणि त्यावरून काढत गेले. आत्ता नीट तपासलं तर तो युरोपातल्या नदीतला आहे. म्हणजे न बघता गेंडा काढणाऱ्या माणसावर मी पुस्तक करते आहे आणि माझ्या स्वतःच्या गुप्तहेराला भलतीच शेपूट आहे. अकरा पानं रंगवून झाली आहेत, अकराही पानांवर हाच बुडक्या.

चकली_पुराण (सोमवार, रात्री ९.२६)

ताई, ड्यूररलाही खाजनकार भेटला असता तर बरं झालं असतं. त्याच्या धाग्यावर कुणी प्रतिसादच दिला नाही.

मास्तर_पेन्शनीत (सोमवार, रात्री १०.५०)

वळेसर, आधी एक दुरुस्ती. जोडपान दोनवर "युरोपने पहिल्यांदाच गेंडा पाहिला" असं वाक्य आहे. रोमन काळात तिथे गेंडे नेले जात. मधली हजारएक वर्षं कुणी पाहिला नव्हता, एवढंच खरं. "खूप खूप वर्षांनी" असं लिहा, मुलांना हजार तसंही मोजता येत नाही.

आता ड्यूररची बाजू. तो अगदी चुकला असं मला वाटत नाही. आपल्या भारतीय गेंड्याची कातडी खरोखर घड्यांची असते, लांबून पत्रे जोडल्यासारखी दिसते, आणि तिच्यावर टेंगळं असतात. कुणीतरी पत्रात "चिलखतासारखी" लिहिलं असेल, याने चिलखतच काढलं, खिळ्यांसकट. उपमा खरी धरली की असं होतं. (वर्गात "चंद्रासारखा चेहरा" म्हटल्यावर एका मुलाने खड्डे काढले होते. मी त्याला पूर्ण गुण दिले.)

तुमच्या गुप्तहेरांसाठी खरा पुरावा वेगळाच आहे. त्याच वर्षी, १५१५ मध्येच, आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने याच गेंड्याचा दुसरा ठसा केला. त्यानेही प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा नाही, पण त्याच्या गेंड्याच्या पाठीवर शिंग नाही आणि पुढचे पाय दोरीने बांधलेले दिसतात. त्या ठशाची एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नाला. ड्यूररची हजारोंनी छापली गेली. म्हणजे बरोबरचं चित्र पेटीत आणि चुकीचं घरोघरी. बुडक्याने दोन चित्रं शेजारी ठेवली की निम्मं प्रकरण तिथेच उलगडतं. मात्र ते शिंग ड्यूररच्या मनात कुठून आलं, याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही. ते तुम्हीही देऊ नका, आजोबांना तर्क लढवू द्या.

आणखी दोन तपशील. लिस्बनला त्याला गांदा म्हणत, म्हणजे आपला गेंडाच. त्याच्याबरोबर भारतातून एक राखणदारही गेला होता, ओसें असं त्याचं नाव नोंदलेलं आहे. ३ जून १५१५ रोजी राजाने गेंडा आणि हत्ती समोरासमोर आणले, कारण दोघं जन्माचे वैरी असं जुन्या रोमन ग्रंथात लिहिलेलं. हत्ती पळाला. लढाई झालीच नाही. हा प्रसंग वगळू नका, पोरं हसतील.

कंपोझिटर (मंगळवार, सकाळी ११.१५)

छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून कामाचं बोलतो. ४८ पानं म्हणजे सोळाचे तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा), हिशेब बरोबर. पण जोडपान तीनमध्ये गेंडा दोन्ही पानांवर पसरलाय आणि पाठीवरचं शिंग नेमकं मधल्या शिवणीत जातंय. बांधणी झाली की शिंग दिसणारच नाही. मग गुप्तहेर शोधतायत काय? गेंडा दोन इंच डावीकडे सरकवा.

वळेसर (मंगळवार, सकाळी ११.४०)

अरे देवा.

लिस्बनवासी_फोंडेकर (मंगळवार, रात्री ११.५५)

नमस्कार. मूळ फोंड्याचा, सध्या लिस्बन. इथे बसून तुमचा धागा वाचतोय आणि उद्या कामावर झोप काढणार आहे.

इथल्या बेलेंच्या बुरुजावर तो गेंडा आहे, ताई. किल्लाच आहे तो, नदीत उभा. १५१४ च्या सुमारास बांधायला घेतला, त्याच दिवसांत हा पाहुणा आला, म्हणून एका छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी त्याचं डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापाण्याने इतकं झिजलंय की सांगितल्याशिवाय कळत नाही. सगळे लोक बुरुजाबरोबर स्वतःचे फोटो काढतात आणि गेंड्याच्या नाकाखालून निघून जातात. हे जोडपान मस्त होईल.

प्रवासाबद्दल. मी इकडे येताना मांजर आणलं. चिप बसवा, रेबीजची लस द्या, तीस दिवस थांबा, रक्त तपासणीला पाठवा, मग आणखी तीन महिने थांबा. भारतातून युरोपात यायचं तर हे आहेच. आणि हा नियम कुत्रा, मांजर आणि फेरेट यांच्यासाठी. पाणमांजर त्यात बसतच नाही. उलट २०१९ पासून तुमच्या चपट्या शेपटीवाल्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, ते सगळ्यांत कडक यादीत आहेत. म्हणजे कागदोपत्री बुडक्या येऊच शकत नाही, चोरूनच आला पाहिजे. मुरगावहून जहाजात लपवा, गेंड्याच्याच वाटेने आणा. गेंड्याचं जहाज मोझांबिक, सेंट हेलेना आणि अझोर्स अशा तीन ठिकाणी थांबलं होतं.

भाषेची अडचण त्यांना येणार नाही. जनेल, चावी, मेज, पाव, साबण. एवढ्यावर माझे पहिले दोन महिने निघाले. उच्चार मात्र इथे वेगळे. चावीला "शाव्ह" म्हणतात, पहिल्या दिवशी घरमालकिणीला मी चार वेळा चावी चावी केलं आणि तिने मला खायला आणून दिलं.

आता महत्त्वाचं. ती अकरा पानं फेकू नका! तुम्ही काढलाय तो प्राणी इथे आहे. गोल शेपूट, दाट केस, एकटा फिरणारा. इथल्या नद्यांत तर आहेच, दक्षिणेकडे समुद्रकाठीही दिसतो. पोर्तुगीजमध्ये लोंत्रा. तुमचा केसाळ बुडक्या हा पोर्तुगालचा पाहुणचार करणारा भाऊबंद करून टाका. त्या बिचाऱ्या एकट्या जीवाच्या घरी चोडणहून सात जणांचं बिऱ्हाड शिट्ट्या मारत येऊन उतरतं, विचारतं जेवायला काय आहे. मी हे स्वतः अनुभवलं आहे, गेल्या मे महिन्यात. नातेवाईक धागा वाचत असतील तर : तुमच्याबद्दल नाही.

चकली_पुराण (बुधवार, सकाळी ८.००)

शिट्ट्या मारत! धाग्याला सोन्याचं कडं.

खाजनकार (बुधवार, दुपारी १.३०)

हे जमलं. लोंत्राबाब एकटा, आणि आमचे सगळे त्याच्या घरात. पण एवढं बिऱ्हाड जहाजात लपणार कसं? बरें, बघतील ते.

चतुरबद्दल थोडं. पाऊस ओसरला की आमच्या शेतांवर चतुरांचे थवेच्या थवे उडतात आणि मग एकदम दिसेनासे होतात. आम्हाला वाटायचं मेले. पण एका जातीचे चतुर ऑक्टोबरनंतर समुद्र ओलांडून, मालदीववरून पार पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असं अभ्यासक सांगतात. दोन इंचाचा किडा. म्हणजे तुमच्या चतुरला जहाजात बसायची गरजच नाही. तो पुढे उडून मोझांबिकला वाट बघत बसेल.

मास्तर_पेन्शनीत (बुधवार, दुपारी ३.१०)

वा. मात्र वाऱ्याचं गणित सांभाळा. जहाज जानेवारीत निघालं तर चतुर दोन-तीन महिने आधीच तिकडे पोचलेला असणार. तोपर्यंत तो तिथली सगळी बातमी काढून ठेवील. मदतनीस असावा तर असा.

दोन_पोरांची_आई (बुधवार, रात्री ९.४५)

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच वळत नाही, म्हणून मी वळते. गेंड्याचा शेवट काय?

वळेसर (बुधवार, रात्री १०.०५)

टाळत होते खरं. डिसेंबर १५१५ मध्ये राजा मानुएलने तो पोपला, दहाव्या लिओला, भेट म्हणून पाठवला. हिरव्या मखमलीचा पट्टा गळ्यात घालून. वाटेत मार्सेयजवळ फ्रान्सच्या राजाने त्याला पाहिला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ, पोर्तो व्हेनेरेपाशी, जहाज वादळात बुडालं. गेंडा डेकवर साखळदंडाने बांधलेला होता.

पुढे त्याचं शव मिळालं आणि पेंढा भरून रोमला पाठवलं अशी एक कथा सांगतात, तिला भक्कम आधार नाही.

एका प्रकाशकाने हे पान काढून टाका म्हटलं. "मुलांना रडवू नका, शेवटी गेंडा गोव्याला परत येतो असं करा." मी मान डोलावून घरी आले.

दोन_पोरांची_आई (बुधवार, रात्री ११.३०)

माझं मत आधी प्रकाशकासारखंच होतं. रात्री मोठ्याला सांगून बघितलं. रडला नाही. बराच वेळ गप्प राहिला आणि विचारलं, "गेंड्याला पोहता येतं ना?" मी म्हटलं येतं, चांगलं येतं. "मग साखळी कुणी काढली नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. धाकटी झोपली होती म्हणून बरं.

चकली_पुराण (बुधवार, रात्री ११.४१)

यावर विनोद नाही.

मास्तर_पेन्शनीत (गुरुवार, सकाळी ६.२०)

परत आणू नका. पाठीवरचं शिंग खोटं होतं म्हणून आपण ड्यूररला धरतो आहोत, आणि वर त्याच पुस्तकात बुडालेला गेंडा मांडवीत तरंगवायचा? मुलाने जो प्रश्न विचारला तोच पुस्तकात जाऊ दे. विचारणारा चतुर असावा, लहान तोच आहे.

कंपोझिटर (गुरुवार, सकाळी १०.००)

असहमत. सात वर्षांच्या पोराला झोपताना हे वाचून दाखवणाऱ्या आजीचा विचार करा. माझी बायको असं पान आलं की दोन पानं एकदम उलटते. निदान ते फर्म्याच्या मध्यावर घ्या, शेवटावर नको.

वळेसर (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.५०)

धागा वर आणते आहे.

गेल्या शनिवारी चोडणला खाजनकारांकडे जाऊन आले. वहिनींनी उकड्या तांदळाची पेज, खारं आणि तोंडलीची भाजी वाढली (पुस्तकात गेंडासुद्धा जहाजात पेजच खातो आता, हे माझं स्वातंत्र्य). चार वाजल्यापासून बांधावर बसलो. पहिल्या दिवशी काही नाही, नुसते ओले ठसे आणि खवले. दुसऱ्या दिवशी, फेरीबोटीचा आवाज दूर गेल्यावर, सहा डोकी. एक पिल्लू मासा खाताना डोळे मिटत होतं. शेपूट चपटीच आहे. वहीत काढताना हात थरथरत होता, त्यामुळे रेषा वाईट आल्या, पण त्या फोटोवरून काढलेल्या नाहीत.

बुडक्याचं आता बिऱ्हाड झालं आहे. जुनी अकरा पानं लोंत्राबाबची. त्यातली चार तशीच ठेवली, सातांवर त्याच्या घरात पाहुणे कोंबले. गेंडा दोन इंच डावीकडे सरकला. लिस्बनच्या पानावर झिजलेलं डोकं आहे आणि खाली माणसं स्वतःचे फोटो काढतायत.

वादळाचं पान ठेवलं. कंपोझिटरकाका, शेवटावर नाही, शेवटाच्या आधीच्या फर्म्यात. डाव्या पानावर चतुर विचारतो. उजव्या पानावर कुणी काही बोलत नाही, नुसता समुद्र आहे.

कंपोझिटर (शनिवार, रात्री ९.१५)

उत्तम. ते नुसत्या समुद्राचं पान ४८ मध्ये धरलंय ना? लोक रिकामी पानं मोजायला विसरतात.

वळेसर (शनिवार, रात्री ९.२०)

धरलंय.

खाजनकार (शनिवार, रात्री ९.४०)

ताई, तो समुद्र कुठला काढलाय? आमच्याकडचा मातकट की तिकडचा?

वळेसर (शनिवार, रात्री ९.५२)

तोच घोळ आहे. तिकडचा मी पाहिलेला नाही. सध्या आपल्या पणजीच्या मिरामारचा आहे.

लिस्बनवासी_फोंडेकर (शनिवार, रात्री ११.३०)

मी पुढच्या महिन्यात इटलीला जातोय, पोर्तो व्हेनेरे वाटेवरच करतो. पाण्याचा रंग नीट बघून तुम्हाला सविस्तर पत्र लिहीन.

चकली_पुराण (शनिवार, रात्री ११.३४)

पत्र नको हो! समुद्राला शिंग फुटेल.